रुक्मी कौंडण्यपुरात का परतला नाही?

वर्धा नदीच्या काठावरचे कौंडण्यपूर हे अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातले गाव. भीष्मक राजाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ते ठाऊक आहे. दर आषाढीला इथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. ही परंपरा १५९४ पासूनची असल्याचे सांगतात. रुक्मिणीला विदर्भकन्या म्हणताना आम्हा वऱ्हाडी माणसांचा ऊर भरून येतो. पण याच घरातला एक मुलगा लग्नाच्या गडबडीत गावाबाहेर पडला तो पुन्हा घरी आला नाही, याबद्दल कुणी फारसे बोलत नाही. तो रुक्मिणीचा थोरला भाऊ रुक्मी. प्रस्तुत लेख त्याच्याविषयी आहे, आणि काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातून उठून गेलेल्या एका विद्यार्थ्याविषयीही.

मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. मध्ययुगीन वाङ्मय हा माझा विषय. नरेंद्र कवीचे ‘रुक्मिणीस्वयंवर’, महदंबेचे ‘धवळे’, एकनाथांचे ‘रुक्मिणी-स्वयंवर’ अशी आख्यानाची परंपरा दरवर्षी शिकवायची. महदंबेचे धवळे आमच्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे. एकनाथांचा ग्रंथ शके १४९३ म्हणजे इ. स. १५७१ मध्ये काशीत पूर्ण झालेला. ही सनावळी सांगता सांगता दुपारच्या तासाला वर्ग पेंगू लागला की मी माझे हुकमी अस्त्र काढत असे : रुक्मीच्या हजामतीचा प्रसंग. श्रीकृष्णाने त्याला बांधले आणि त्याचे केस व मिशा वेड्यावाकड्या भादरल्या. मी फळ्यावर खडूने एक तोंड काढायचो, अर्धी मिशी, डोक्यावर पाट. वर्ग खदखदून हसायचा. कीर्तनातही या ठिकाणी हशा पिकतो, त्यामुळे त्यात काही वावगे आहे असे मला कधी वाटले नाही.

त्या वर्षी दुसऱ्या बाकावर एक मुलगा टोपी घालून बसायचा. त्याला चाई लागली होती. डोक्यावरचे केस जागोजागी गेले होते, भुवईचाही एक तुकडा गेला होता. मी चित्र काढले त्या संध्याकाळपासून वसतिगृहात त्याचे नाव ‘रुक्मी’ पडले. मला हे समजले चार महिन्यांनी, तेही दुसऱ्याच मुलाकडून. तोवर तो वर्गात यायचा थांबला होता. वडिलांना फोन केला तर म्हणाले, “पोरगं घराबाहेर निंगत नाही सर. काहून असं करते, काही समजत नाही.” एका रविवारी मी त्याच्या गावी गेलो. वैशाखातले ऊन, पत्र्याचे घर, आणि त्याच्या अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, बटणे मनगटापर्यंत लावलेली. पाण्याचा तांब्या पुढे करताना बाही वर सरकली आणि मला जे दिसले त्यावरून एवढे कळले, की हा मुलगा स्वतःच्या अंगाला इजा करून घेतो आहे. मी गडबडलो. अशा वेळी शिक्षकाच्या तोंडी जे येते तेच माझ्या तोंडी आले, “अरे, केसांचं काय एवढं? देह आज आहे, उद्या नाही.” तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सर, तुमीबी हासले होते.”

या मुलाची आणि पुढे ज्या मुलीविषयी लिहिले आहे तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. त्याचे वाक्य मात्र बदललेले नाही. त्या वाक्यामुळेच मी भागवताचा दशम स्कंध पुन्हा वाचायला घेतला.

तीन अध्याय, तीन देह

रुक्मिणीची कथा दशम स्कंधाच्या ५२, ५३ आणि ५४ या लागोपाठच्या अध्यायांत येते. आपण ती प्रेमाची, पराक्रमाची, भक्तीची कथा म्हणून वाचतो आणि ती तशी आहेच. पण केवळ देहावर नजर ठेवून वाचली तर या तीन अध्यायांत देहाच्या तीन अवस्था दिसतात. पहिला झिजवण्याची भाषा बोलणारा देह, दुसरा पाहिला जाणारा, तिसरा विद्रूप केलेला. मराठी आख्यानपरंपरेने आणि तिच्या समीक्षेने यांतल्या दुसऱ्याचे भरपूर कौतुक केले, पहिल्याला भक्ती म्हटले आणि तिसऱ्याला विनोद म्हटले, असे माझे म्हणणे आहे. आज विद्यापीठाच्या आवारात वावरणाऱ्या मुलामुलींच्या संदर्भात हे तीनही निर्णय पुन्हा तपासले पाहिजेत.

सुरुवात मधल्या देहापासून करतो. ५३व्या अध्यायात रुक्मिणी अंबिकेच्या दर्शनाहून परतते. हे देऊळ म्हणजे अमरावतीची अंबादेवी, अशी आमच्याकडची श्रद्धा. रुक्मिणी बाहेर येते आणि जमलेले राजे तिला पाहून इतके भुलतात की शस्त्रे गळून पडतात, रथ-हत्ती-घोड्यांवरून ते खाली कोसळतात. तिचा बांधा, तिचे दात, तिची चाल यांचे वर्णन तिथे आहे. पुढच्या कवींनी अशी वर्णने नखशिखांत वाढवली. काव्य म्हणून त्यांत गोडी आहे, ती मी नाकारत नाही. प्रश्न वाचणाऱ्याचा आहे. लग्न जमावे म्हणून उपवर मुलीने एकनाथांच्या ‘रुक्मिणी-स्वयंवरा’चे पारायण करावे अशी प्रथा आहे. म्हणजे जिला पाहुणे ‘पाहून’ गेले आणि ज्यांचा निरोप आला नाही, तीच मुलगी पाटावर बसून जिला पाहताच राजे कोसळतात तिची कथा वाचते. ओव्यांतली रुक्मिणी आणि आरशातली आपण यांतले अंतर मोजायला तिला कुणी सांगावे लागत नाही. या अंतरावर बाजारही उभा राहिला. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये आली आणि नावातला गोरेपणा काढायला २०२० साल उजाडले. बार्बरा फ्रेड्रिकसन आणि टोमी-ॲन रॉबर्ट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये मांडले, की स्त्रीकडे सतत देह म्हणून पाहिले गेले की ती स्वतःकडेही बाहेरच्याच्या नजरेने पाहू लागते आणि त्या पाहण्यातून लाज जन्मते. आमच्या आयाबायांना हे ‘दाखवण्याच्या कार्यक्रमा’तून आधीच कळलेले होते, फक्त त्याला सिद्धांताचे नाव नव्हते.

पत्रातले शेवटचे वाक्य

आता ५२वा अध्याय. रुक्मिणी ब्राह्मणाच्या हाती श्रीकृष्णाला पत्र पाठवते. सात श्लोकांचे हे पत्र भारतीय साहित्यातले बहुधा सर्वांत प्रसिद्ध प्रेमपत्र असावे. स्वतःचा वर स्वतः ठरवणारी, पळवून नेण्याची जागा आणि वेळही कळवणारी ही मुलगी आहे, म्हणून तिला धीट म्हटले जाते. ते योग्यच आहे. पण पत्राचा शेवट आपण भरभर वाचतो. तुमची कृपा झाली नाही तर व्रतांनी कृश झालेले हे प्राण मी टाकीन, मग शंभर जन्म लागले तरी चालतील, असा त्याचा आशय आहे. ज्या घरात तिच्या लग्नाविषयी तिचे कुणी ऐकत नाही, त्या घरात तिच्या ताब्यातली एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे तिचा देह. तो झिजवणे हेच तिचे शेवटचे शस्त्र आहे.

टीकाकारांनी याला अनन्यभक्ती म्हटले. भक्तीच्या चौकटीत तो अर्थ लागतोही. परंतु व्रताने वाळलेला देह पवित्र, हा संस्कार त्याच चौकटीतून आपल्या स्वयंपाकघरात आला, आणि तिथे तो भक्तीपुरता राहिला नाही. आमच्या ओळखीतल्या एका वसतिगृहात एक मुलगी सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे सगळे उपास करायची. सगळे तिला देवभोळी म्हणत. मीही एकदा वर्गात तिचे उदाहरण दिले होते. ती आजारी आहे हे कुणा शिक्षकाने ओळखले नाही. ओळखले स्वयंपाकाच्या बाईंनी. त्या रेक्टर मॅडमना म्हणाल्या, “उपास सुटते त्या दिशीबी थे पोरगी जेवत नाही, मॅडम.” एवढ्या एका निरीक्षणाने उपास आणि उपासमार यांतला फरक उघडा पडला. पुढे डॉक्टर, समुपदेशन सारे झाले. तिला दोन वर्षांपूर्वी नात्यातल्या कुणीतरी ‘ढोली’ म्हटले होते आणि ते तिच्या मनातून गेले नव्हते, हे तिथे समजले. व्रताला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. व्रताला पारणे असते. पारणे नसेल तर ते व्रत नव्हे, एवढे तरी आपण ओळखायला हवे.

वैरूप्य म्हणजे वध

५४व्या अध्यायात रुक्मी पाठलाग करतो, हरतो. कृष्ण त्याला मारायला निघतो तेव्हा रुक्मिणी पाय धरून भावाचे प्राण मागते. प्राण वाचतात, पण कृष्ण त्याला त्याच्याच वस्त्राने बांधून केस-मिशा भादरून विद्रूप करतो. एवढ्यात बलराम येतो. त्याची अवस्था पाहून त्याला दया येते, तो बंधने सोडतो आणि हसण्याऐवजी थेट धाकट्या भावाला सुनावतो : तू हे वाईट केलेस, आपल्याला लाज आणणारे केलेस, नातलगाला विद्रूप करणे हा त्याचा वधच आहे. विजयाच्या क्षणी, विजेत्याच्याच थोरल्या भावाने दिलेला हा निवाडा आहे. ज्या प्रसंगावर कीर्तनातला श्रोता आणि माझा वर्ग हसत आला, त्या प्रसंगावर मूळ ग्रंथात कुणी हसत नाही.

हा निवाडा आपण गंभीरपणे घेतला नाही. डोक्याला पाट काढून धिंड काढणे ही आपल्याकडे गावकीची शिक्षा होती. ब्राह्मण विधवांचे केशवपन तर धर्म म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालले. भागवताची पोथी ज्या घरात सोवळ्याने वाचली जाई त्याच घरात, माजघरात, ते होत असे. पुरुषाचे केस कापले तर तो वध आणि बाईचे कापले तर तो आचार, ही विसंगती पोथी वाचणाऱ्यांना खुपली नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुराणकथांनाच सवाल केला, की बाईला एक माप आणि पुरुषाला दुसरे, हे कसे? आमच्याच वऱ्हाडातून आलेली ही समीक्षेची रीत आहे आणि मी ती इथे वापरतो आहे.

पण बलरामाचे पुढचे बोलणेही वाचले पाहिजे. तो रुक्मिणीकडे वळतो आणि तिची समजूत घालतो. सुखदुःख दुसरा कुणी देत नाही, माणूस आपल्या कर्माचे फळ भोगतो. जन्म-मरण देहाला आहे, आत्म्याला नाही. तेव्हा अज्ञानातून आलेला शोक सोड. म्हणजे एका श्वासात ‘हा वध आहे’ आणि दुसऱ्या श्वासात ‘हे त्याचेच कर्म आहे, आणि देह तरी कुठे खरा आहे’. वसतिगृहातल्या त्या मुलाला मी नेमके हे दुसरे बोललो होतो.

या उपदेशाचा परिणाम ग्रंथकाराने बारकाईने नोंदवला आहे. रुक्मिणीचे मन शांत झाले, असे तो सांगतो. आणि रुक्मी? आपले विद्रूपीकरण आठवत, मनोरथ विफल झालेला तो माणूस कुंडिनपुरास गेला नाही. त्याने भोजकट नावाचे नवे नगर वसवले आणि तो तिथेच राहिला. म्हणजे तत्त्वज्ञानाने समाधान झाले ते पाहणाऱ्याचे. ज्याच्यावर प्रसंग गुदरला तो आठवतच राहिला. सांत्वनाच्या मर्यादेविषयी इतकी नेमकी नोंद मी क्वचित वाचली आहे, आणि वीस वर्षे शिकवूनही ती माझ्या नजरेतून निसटली होती.

यावर आक्षेप येईल की रुक्मी लाजेमुळे नव्हे, प्रतिज्ञेमुळे परतला नाही. कृष्णाला मारून बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनात पाऊल ठेवणार नाही, असा पण त्याने निघतानाच केला होता. आक्षेप खरा आहे. ग्रंथात दोन्ही कारणे आहेत. परंतु पण हे चारचौघांत सांगता येण्याजोगे कारण आहे आणि लाज सांगता येत नाही. शिक्षण सोडून जाणाऱ्या मुलांच्या अर्जावरही ‘घरगुती अडचण’, ‘तब्येत’, ‘हजेरी कमी’ असेच लिहिलेले असते. त्या मुलाच्या अर्जावर ‘शेतीचे काम’ असे होते. त्यावर मीच शिफारस लिहिली होती.

भोजकट इथून किती लांब?

भोजकट म्हणजे आजचे भातकुली, असे आमच्याकडे मानतात. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक ताम्रपटात भोजकट राज्याचा उल्लेख येतो आणि चम्मक हे गाव अचलपूरजवळचे, त्यामुळे हा प्रदेश वऱ्हाडातच होता याविषयी शंका नाही. कौंडण्यपूर अमरावतीच्या एका अंगाला, भातकुली दुसऱ्या अंगाला. आज एका दिवसात दोन्ही गावे पाहून घरी येता येते. रुक्मीला ते अंतर उभ्या जन्मात ओलांडता आले नाही. लाजेने तोडलेली वाट नकाशावर मोजता येत नाही.

आणि कथा तिथे संपत नाही. पुढे ६१व्या अध्यायात याच भोजकटात रुक्मीच्या नातीचे लग्न होते. फासे खेळताना रुक्मी बलरामाला गवळी म्हणून हिणवतो, कलिंगाचा राजा दात काढून हसतो, आणि बलराम रुक्मीला ठार करतो, कलिंगाचे दात पाडतो. ज्याला हसले गेले तो दुसऱ्याला हसतो. ज्याने विद्रूपीकरणाला वध म्हटले तो स्वतः हसले गेल्यावर वध करतो. वसतिगृहात गेल्या वर्षी ज्याला छळले तोच यंदा नव्या मुलांना रांगेत उभे करतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा अध्याय नवा वाटणार नाही.

सगळ्यांचाच राग बाहेर निघत नाही, काहींचा आत वळतो. अर्मांडो फवाझा या मनोविकारतज्ज्ञाने १९८७ मध्ये ‘बॉडीज अंडर सीज’ या ग्रंथात दाखवले, की स्वतःला इजा करणारी बरीच माणसे मरू पाहत नसतात; असह्य झालेली भावना त्या क्षणापुरती सोसण्याचा तो एक विपरीत मार्ग असतो. अमेरिकेच्या डीएसएम-५ या २०१३ च्या नियमावलीनेही आत्महत्येचा हेतू नसलेली स्वतःची इजा ही वेगळी नोंद अभ्यासासाठी ठेवली. याचा अर्थ धोका नाही असा मात्र नाही. अशा मुलांना पुढे आत्महत्येचा धोका जास्त असतो. माझे म्हणणे एवढेच, की लाजेतून स्वतःला दुखवणारा विद्यार्थी लोकांनी दिलेली शिक्षा स्वतःच्या हाताने भोगत असतो. निकाल आपण दिलेला असतो. म्हणून ‘तू असं का केलंस?’ हा प्रश्न आपण चुकीच्या माणसाला विचारतो.

कायद्याला हे उशिरा का होईना कळले. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा, विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २००९ चे. २०१६ च्या दुरुस्तीत वर्ण, जात, लिंग, भाषा, आर्थिक स्थिती यांबरोबर ‘दिसणे’ या कारणावरून केलेला शारीरिक वा मानसिक छळही रॅगिंगमध्ये धरला गेला. बलरामाच्या पहिल्या वाक्यापर्यंत आपण कागदावर पोचलो, असे म्हणायला हरकत नाही. पण प्रवेशाच्या वेळी मुले प्रतिज्ञापत्र भरून देतात आणि वर्गात मास्तर फळ्यावर अर्धी मिशी काढतो. विनियमांत मास्तरांच्या विनोदाचा विचार कुणी केलेला नाही. तो मास्तरांनीच करायचा आहे.

आमच्या विद्यापीठाला १९८३ साली स्थापना झाल्यानंतर पुढे संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. बाबा अंगावर चिंध्या आणि डोक्यावर फुटके गाडगे घालून गावात शिरत. पोरे मागे लागत, लोक हसत. ते हसणाऱ्यालाच प्रश्न विचारून रात्री कीर्तनात निरुत्तर करीत. दिसण्यावरून माणसाची किंमत करणाऱ्याला उलट उभे करण्याची ती रीत होती. पण ‘गाडगेबाबांकडे बघ, त्यांना कुठं लाज होती?’ असे एकोणीस वर्षांच्या मुलाला सांगणे म्हणजे पुन्हा बलरामाचा दुसरा उपदेश करणे होय. गाडगेबाबा व्हायला त्याला कुणी सांगू नये. त्याला हसणाऱ्यांना गाडगेबाबांनी विचारले असते, ते आपण विचारावे.

डॉक्टरांकडून मला जे शिकायला मिळाले तेही इथे लिहून ठेवतो. जखम दिसली तर ओरडू नये, दाखव म्हणून बळजोरी करू नये, ‘माझी शपथ घे’ म्हणू नये. मरावेसे वाटते का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. एकट्याने निभावून नेण्याचा आव न आणता डॉक्टरांकडे, समुपदेशकाकडे सोबत जावे. टेलि-मानसची १४४१६ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिथे मराठीतून बोलता येते.

त्या मुलाने पुढे दुसऱ्या गावातून, बाहेरून परीक्षा देऊन पदवी घेतली. उपचार चालू आहेत, नोकरीही लागली, दिवाळीला त्याचा फोन येतो. अमरावतीला मात्र तो आला नाही. मीही आग्रह केला नाही. मी माफी मागितली तेव्हा तो म्हणाला होता, “जाऊ द्या सर,” आणि ते जाऊ द्यायचे की नाही हे ठरवणे त्याचे आहे.

रुक्मीचा प्रसंग मी अजूनही शिकवतो. चित्र काढत नाही. आधी बलरामाचा निवाडा सांगतो, मग विचारतो, रुक्मी घरी का गेला नसेल? वर्ग बराच वेळ शांत राहतो. त्या शांततेत कुणीतरी बाही खाली ओढते का, टोपी नीट करते का, याकडे आता माझे लक्ष असते.